घाटाखालचा पोर्तुगाल

१९८१ चा मार्च महिना. आम्ही बेळगावच्या एका महाविद्यालयात बी. ए.च्या अखेरच्या वर्गात अर्थशास्त्र शिकत होतो. खासबागेतल्या घरून सायकलीवर निघावे, शहापूरच्या बोळांतून वाट काढावी, दोन्ही बाजूंच्या घरांतील मागांचा खडखडाट कानांत भरून घ्यावा आणि तासाला जाऊन बसावे, असा आमचा नित्यक्रम. परीक्षा तोंडावर आली होती. एके सकाळी प्राध्यापकांनी फळ्यावर दोन देशांची नावे लिहिली, इंग्लंड आणि पोर्तुगाल, आणि त्यांच्यापुढे चार आकडे मांडले. आम्ही ते मुकाट्याने वहीत उतरवून घेतले. आमच्या शेजारची जागा त्या दिवशी रिकामी होती. तेथे बसणारा आमचा मित्र निपाणीजवळच्या एका खेड्यातला. खासबागेत खोली घेऊन राही. वडील तंबाखू पिकवीत. तो त्या आठवड्यात गावी गेला होता आणि वडिलांच्या बैलगाडीबरोबर पुणे-बंगळूर महामार्गावर जाऊन बसला होता.

फळ्यावरच्या त्या गणिताचा आणि शेजारच्या रिकाम्या जागेचा काही संबंध असेल, असे तेव्हा आमच्या मनातही आले नाही. आणखी एक गोष्ट आमच्या वा प्राध्यापकांच्याही ध्यानात आली नाही. ज्या पोर्तुगालचे उदाहरण आम्ही दूरदेशीचे म्हणून पाठ करीत होतो, तो वीस वर्षांपूर्वीपर्यंत आमच्या गावापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरांवर, घाटाखाली, गोव्यात नांदत होता. पुढे राज्य शासनाच्या नोकरीत तीस-पस्तीस वर्षे गेली, त्यांतील बरीच कर आणि तपासणी नाके यांच्या संगतीत. मालाने भरलेल्या गाड्या हद्द ओलांडताना रोज पाहिल्या. तेव्हा कोठे या तीन गोष्टी हळूहळू एकमेकींस जोडल्या गेल्या.

ते गणित प्रथम सांगतो. डेव्हिड रिकार्डो या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८१७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथाच्या सातव्या प्रकरणात ते मांडले आहे. ठरावीक कापड तयार करण्यास इंग्लंडात वर्षभर १०० माणसांचे श्रम लागतात आणि ठरावीक द्राक्षमद्य तयार करण्यास १२० माणसांचे. पोर्तुगालात तेच कापड ९० माणसांत होते, तेच मद्य ८० माणसांत. म्हणजे दोन्ही कामांत पोर्तुगालच सरस. मग त्याने इंग्लंडकडून कापड का घ्यावे? साधी बुद्धी सांगते की घेऊ नये. रिकार्डो म्हणतो, घ्यावे. कारण ८० माणसांनी केलेले मद्य देऊन जर ९० माणसांचे कापड दारी येत असेल, तर दहा माणसांचे श्रम वाचले. इंग्लंडासही १०० माणसांचे कापड देऊन १२० माणसांचे मद्य मिळाले, म्हणजे वीस वाचले. कोण कशात श्रेष्ठ आहे हा प्रश्न येथे उरतच नाही. एक वस्तू करण्यासाठी दुसरी किती सोडावी लागते, हाच प्रश्न. ज्याला एखादी वस्तू करताना दुसरीचा त्याग कमी करावा लागतो, त्याने ती करावी. यालाच तुलनात्मक लाभाचा सिद्धान्त म्हणतात.

हे आम्हांस वर्गात तितकेसे उमगले नाही, घरी मात्र लगेच उमगले. आमच्या घरी तीन माग होते. एकावर वडील बसत, दुसऱ्यावर काका, तिसऱ्यावर आम्ही किंवा आमचा धाकटा भाऊ. समजा, एका रेशीमकाठी साडीला लागणाऱ्या वेळात वडील दोन साधी लुगडी विणीत. काकांना एका साडीसाठी तीन लुगड्यांचा वेळ सोडावा लागे. आमची गोष्ट निराळी. काठ जुळत नसे, धोटा चुकून सूत तुटे, आणि एका साडीपायी पाच लुगड्यांचा वेळ मातीत जाई. साधे लुगडेही वडील आमच्यापेक्षा वेगानेच विणीत. तरीही ते लुगड्याला बसत नसत. काठाच्या साडीची मागणी आली की पहिले काम वडिलांकडे, ती वाढली की काकांकडे, आणि लग्नसराईत अगदीच निभेना तेव्हा नाइलाजाने आमच्याकडे. एरवी आम्ही साधे विणायचे वा कांड्या भरायच्या. वडिलांनी रिकार्डोचे नाव ऐकले नव्हते, परंतु घरातल्या सर्वांत अडाणी हातालाही कामावर कसे लावावे आणि सर्वांत कुशल हात कोठे खर्चावा, हे त्यांना नेमके ठाऊक होते. आमच्या विणकामाचा पोत पाहून त्यांनी आम्हांस महाविद्यालयात घातले, हाही त्याच हिशेबाचा भाग असावा.

क्रमिक पुस्तकांत ‘उत्पादन शक्यता वक्र’ म्हणून जी रेषा काढतात, ती हीच. एका अक्षावर साड्या, दुसऱ्यावर लुगडी. घरातील सारे हात लुगड्यांना लावले तर एवढी, सारे साड्यांना लावले तर तेवढ्या, आणि मधले सारे पर्याय जोडणारी रेषा. ती सरळ नसते, बाहेरच्या बाजूस फुगलेली असते. पहिल्या साड्यांसाठी लुगडी थोडी सोडावी लागतात, कारण त्या वडील विणतात. शेवटच्या साड्यांसाठी पुष्कळ सोडावी लागतात, कारण त्या आम्ही विणतो. सॅम्युएल्सन यांच्या १९४८ सालच्या प्रसिद्ध पाठ्यपुस्तकाने तोफा आणि लोणी यांच्या उदाहरणाने ही रेषा जगभरच्या विद्यार्थ्यांना शिकविली. खासबागेत तोफा नव्हत्या आणि लोणीही बेताचेच होते, म्हणून आम्ही आमचे उदाहरण दिले.

या रेषेविषयी पुस्तके एक गोष्ट ओझरती सांगून पुढे जातात. रेषेवर असणे म्हणजे सर्व हातांना काम असणे. प्रत्यक्षात विणकराचे घर बहुतेक काळ रेषेच्या आत असते. सूत नाही म्हणून माग बंद, पैसे नाहीत म्हणून सूत नाही, साडी विकली नाही म्हणून पैसे नाहीत. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, सरकारने कापड आणि सूत यांवर नियंत्रण आणले. त्या दिवसांत सुताच्या रांगेत उभे राहिल्याच्या कथा आम्ही आजोबांकडून ऐकल्या आहेत. पुढे यंत्रमाग आले, हातमाग मागे पडले. १९८५ साली केंद्राने काही प्रकारची वस्त्रे केवळ हातमागासाठी राखून ठेवणारा कायदा केला. कोणी काय विणावे याची रेषा अशा रीतीने दिल्लीतही आखली जाऊ लागली. यंत्रमागवाल्यांना ती जाचक वाटली, हातमागवाल्यांना ती अंमलात उतरलीच नाही असे वाटले. आमच्या मते दोघांचेही खरे होते.

आता रिकार्डोच्या पोर्तुगालाकडे वळू. त्याचे उदाहरण हवेतून आलेले नाही. १७०३ साली इंग्लंड आणि पोर्तुगाल यांच्यात मेथुएन यांच्या नावाने ओळखला जाणारा तह झाला. इंग्रजी लोकरी कापडास पोर्तुगालने आपली बाजारपेठ खुली केली आणि इंग्लंडने पोर्तुगीज मद्यावर फ्रेंच मद्यापेक्षा एक तृतीयांश कमी जकात घेण्याचे मान्य केले. मद्याच्या मोलाने कापडाची किंमत पुरी पडेना, तेव्हा उरलेली भरपाई ब्राझीलच्या खाणींतील सोन्याने झाली आणि ते सोने लंडनला गेले. पोर्तुगालात कापडाचे कारखाने मूळ धरू शकले नाहीत, असे पुष्कळ इतिहासकार मानतात. रिकार्डोचे घराणे मुळात पोर्तुगालातून परागंदा झालेल्या ज्यू लोकांचे, हॉलंडमार्गे लंडनला आलेले. त्याने हे उदाहरण निवडले ते त्यामुळे की तहामुळे, हे सांगणे कठीण. परंतु त्याच्या गणितात सोनेही नाही आणि तहही नाही. चार आकडे आहेत आणि त्यांची बेरीज-वजाबाकी निर्दोष आहे.

याच दोन देशांचा दुसरा तह आमच्या अंगणात झाला. २६ डिसेंबर १८७८ रोजी लिस्बन येथे इंग्लंड आणि पोर्तुगाल यांनी आपापल्या हिंदुस्थानातील मुलखांसंबंधी करार केला. गोवा आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांच्यामधील जकातीच्या भिंती पाडल्या जाव्यात, माल मोकळेपणाने इकडून तिकडे जावा, मुरगावला बंदर आणि तेथून घाट चढून येणारा लोहमार्ग व्हावा, असा त्याचा आशय होता. कागदावर पाहता रिकार्डोच्या शिष्यांना याहून अधिक काय हवे? परंतु त्यात एक कलम मिठाचे होते. गोव्यातील आगरांचे मीठ स्वस्त होते आणि बैलांच्या तांड्यांवरून घाटमाथ्यावर येई. ब्रिटिश हिंदुस्थानात मिठावर भारी कर होता. स्वस्त मीठ मोकळेपणाने वर आले असते तर त्या कराचे उत्पन्न बुडाले असते. तेव्हा मोकळ्या व्यापाराच्या या करारात मिठापुरता व्यापार मोकळा राहिला नाही. गोव्यातील मीठउत्पादनाचे नियंत्रणच इंग्रजांनी आपल्या हाती घेतले आणि त्याच्या मोबदल्यात पोर्तुगीज सरकारास वर्षाला चार लाख रुपये देण्याचे ठरविले.

१८८० पासून हा करार अंमलात आला. लोहमार्ग झाला, कॅसलरॉकच्या डोंगरातून बोगदे निघाले, मुरगाव बंदर उभे राहिले. सरकारांना पैसा मिळाला. आगरांत पिढ्यान्‌पिढ्या मीठ पिकविणाऱ्यांचा धंदा मात्र परक्यांच्या परवान्याखाली गेला, गोवेकरांस आपलेच मीठ महाग झाले आणि कित्येकांनी मुंबईची वाट धरली. चार लाख रुपये पणजीच्या तिजोरीत जमा होत होते, आगऱ्याच्या ओटीत नव्हे. बंदरावर अपेक्षेइतका माल उतरला नाही. पोर्तुगीजांस हा सौदा आपल्या अंगलट आल्यासारखे वाटू लागले आणि १८९२ साली मुदत संपल्यावर करार पुन्हा केला गेला नाही. जकातीची भिंत पुन्हा उभी राहिली. नोकरीच्या ओघात आम्ही पुष्कळ करारनामे वाचले. प्रत्येकात असे एखादे मिठाचे कलम असतेच, आणि ते बहुधा शेवटच्या पानांवर असते.

त्याच काळात घाटमाथ्यावर दुसरीच घडामोड चालू होती. लँकेशायरच्या गिरण्यांचे सूत आणि कापड हिंदुस्थानात येऊन बरीच वर्षे झाली होती, मुंबईत गिरण्या निघाल्या होत्या, आणि १८८२ साली तर आयातीवरील बहुतेक जकाती इंग्रज सरकारने उठविल्याच. शहापूर त्या वेळी सांगली संस्थानात होते. शेजारी इंग्रजांची बेळगावची छावणी, मध्ये एखाद्या रस्त्याचे अंतर. विणकर दोन्हीकडे होते. गिरणीच्या कापडाने विणकर समूळ बुडाला असे सरसकट म्हणण्याची रीत आहे. आमच्या भागापुरते तरी ते पूर्ण खरे नाही. गिरणीचे सूत स्वस्त आणि एकसारखे मिळू लागले म्हणून विणकर तगला. काठापदराचे जे लुगडे गिरणीला जमत नव्हते, त्यात त्याचा हात चालत राहिला. बुडाली ती सूत कातणारी बाई. चरख्यावर कातून चार पैसे मिळविणाऱ्या विधवा, म्हाताऱ्या, रिकाम्या वेळी कातणाऱ्या शेतकऱ्यांच्या बायका, यांचे काम गेले ते कायमचे. पुस्तकातली रेषा सांगते की कताईतून सुटलेले हात दुसऱ्या उत्पादनाकडे सरकतात. सत्तर वर्षांची विधवा कोणत्या उत्पादनाकडे सरकणार, हे रेषा सांगत नाही. आमच्या पणजीच्या काळी घरात चरखा उरला नव्हता आणि तो कधी गेला हे सांगणारेही कोणी नव्हते. तोटा असा गुपचूप झाला की त्याचा इतिहास लिहिला जात नाही.

व्यापाराचा लाभ खरा की खोटा, हे जाणून घेण्याचा उत्तम मार्ग म्हणजे तो व्यापार बंद करून पाहणे. असा प्रयोग मुद्दाम कोणी करीत नाही, परंतु आमच्या नशिबी तो आला. गोवामुक्तीच्या लढ्यात १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. आधीच्या वर्षापासून आवळत आलेली नाकेबंदी त्यानंतर भारत सरकारने पुरी केली. रेल्वे थांबली, घाटातील वाटा बंद झाल्या. बेळगावच्या आसपासच्या गावांतून गोव्यास जाणारी भाजी, बटाटा, दूधदुभते एका फटक्यात अडले. घाटाखालच्या गोव्याच्या स्वयंपाकघराचा घाटमाथ्यावरच्या मळ्यांशी फार जुना संबंध. कोकणपट्टीच्या पावसात आणि खाऱ्या वाऱ्यात जी भाजी जमत नाही, ती आमच्या थंड हवेत सहज येते. उलट नारळ, मासळी, काजू, मीठ तिकडून वर येई. तुलनात्मक लाभाचे इतके सोपे उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

नाकेबंदीनंतर गोव्यात बटाटा आला तो हॉलंडहून. चहा सिलोनहून, सिमेंट जपानहून, तांदूळ आणि भाजी पाकिस्तानातून. कडोलीचा बटाटा एका रात्रीत घाट उतरू शकत होता, त्याच्याऐवजी अर्ध्या जगाला वळसा घालून आलेला बटाटा पणजीच्या बाजारात बसला. हा अपव्यय नव्हे तर काय? पण आश्चर्य असे की गोवा त्यामुळे गुडघे टेकून बसला नाही. त्याच वर्षांत गोव्यातील लोहखनिजास परदेशातून, विशेषतः जपानमधून, मोठी मागणी आली. खनिजाची जहाजे भरून जात आणि त्या पैशावर बाकी सारे आणले जाई. परदेशी गेलेल्या गोवेकरांचे पैसे होतेच. उलट पोर्तुगीज राजवटीने परदेशी मालाची इतकी रेलचेल होऊ दिली की घड्याळे, नायलॉनचे कापड आणि विलायती दारू चोरवाटांनी घाट चढून आमच्याकडे येऊ लागली. बंद केलेल्या वाटांनी व्यापार उलट्या दिशेने वाहू लागला.

आणि आमच्या मळेकऱ्याचे काय झाले? त्याच्याजवळ खनिज नव्हते. कोबी आणि टोमॅटो नाकेबंदी उठेपर्यंत थांबत नाहीत. त्याने माल मिळेल त्या दराने इकडेच विकला. येथे कोणी गैरसमज करून घेऊ नये. गोवा मुक्त व्हावयास हवा होता, त्याची किंमत बटाट्यात मोजण्याचा आमचा हेतू नाही. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य बेळगावातूनच खाली उतरले, याचा अभिमान आमच्या वडिलांच्या पिढीने अखेरपर्यंत बाळगला. आम्ही केवळ एवढे नोंदवितो, की त्या सहा वर्षांत दोन्ही बाजूंचे नुकसान झाले आणि ते सारखे झाले नाही. ज्याला थांबता आले त्याचे कमी झाले. ज्याला थांबता आले नाही त्याचे अधिक.

या ‘थांबण्याच्या’ गोष्टीचा रिकार्डोच्या गणिताशी काय संबंध, हे आम्हांस एका तंबाखू पिकविणाऱ्याने दाखविले. आता त्या रिकाम्या जागेकडे परत येतो.

निपाणीच्या काळ्या जमिनीत विडीची तंबाखू फार उत्तम येते. गुजरातेत चरोतरात आणि आमच्याकडे निपाणीत, अशी या तंबाखूची दोन मोठी आगरे. विडी ही वस्तूच मुळी श्रमविभागणीचा नमुना आहे. तेंदूची पाने विदर्भ-छत्तीसगडाकडील जंगलांतून यावयाची, तंबाखू निपाणीची वा चरोतराची, आणि वळणारे हात जेथे स्वस्त तेथले, मग ते सिन्नरचे असोत, सोलापूरचे असोत वा मंगळूरचे. प्रत्येक प्रांत आपल्याला साजेसे काम करतो आणि एक पैशाची विडी तयार होते. रिकार्डो पाहून संतुष्ट झाला असता.

पण निपाणीचा शेतकरी संतुष्ट नव्हता. श्रावण-भाद्रपदात रोपे लावायची, शेंडे खुडायचे, फुटवे काढायचे, माघात पीक कापून वाळवायचे आणि मग व्यापाऱ्याच्या वखारीची वाट पाहायची. तंबाखू घरात ठेवली तर दमट हवेने बिघडते, शिवाय बी-खताचे कर्ज डोक्यावर. वखार व्यापाऱ्याची, तराजू त्याचा, प्रत ठरविणारा डोळाही त्याचाच. १९७५ च्या कायद्याने देशात तंबाखू मंडळ झाले खरे, पण ते व्हर्जिनिया तंबाखूसाठी. म्हैसूर भागातील व्हर्जिनिया पिकविणाऱ्यांना पुढे सरकारी लिलावाची सोय झाली, विडीच्या तंबाखूला तशी सोय नव्हती. गंमत अशी की कर घेताना सरकारने हा भेद केलेला नव्हता. १९४३ पासून तंबाखूवर अबकारी होती आणि विडीच्या तंबाखूचीही पै न्‌ पै मोजून घेतली जात होती.

त्याच वखारींत तंबाखू कुटण्या-चाळण्याचे काम बायका करीत. दिवसभर खाट आणि धूळ, आणि मजुरी हातावर ठेवण्यापुरती. सुभाष जोशी यांच्या पुढाकाराने त्या संघटित झाल्या. त्यांच्या लढ्यावर ‘युगांतर’ या गटाने १९८२ साली माहितीपट काढला. इकडे शरद जोशी यांची शेतकरी संघटना चाकणच्या कांद्यावरून महाराष्ट्रभर पसरली होती. १४ मार्च १९८१ रोजी हजारो शेतकरी बैलगाड्यांसह निपाणीजवळ महामार्गावर येऊन बसले. रस्त्यावर वस्तीच झाली, तिला ‘आंदोलननगर’ नाव पडले. मागणी होती तंबाखूला रास्त भाव. वखारीत राबणाऱ्या बायकाही त्यांत होत्या, ही आमच्या दृष्टीने त्या आंदोलनातील सर्वांत मोठी गोष्ट. शेतमालाचा भाव वाढला तर मजुरी कापली जाईल, या भीतीने दोघांना आजवर दूर ठेवले होते. ६ एप्रिलला ते आंदोलन मोडून काढण्यात आले. पोलिसांच्या गोळीबारात दहाहून अधिक शेतकरी मरण पावले.

आमचा मित्र सुखरूप परतला. परीक्षा त्याने दिली, कशीबशी. त्या उन्हाळ्यात आम्ही त्याच्या गावी गेलो. अंगणात तंबाखू अजून पडून होती, खाटेने डोळ्यांना पाणी येत होते. नव्या विद्येच्या उत्साहात आम्ही त्याच्या वडिलांना रिकार्डोचे गणित ऐकविले. एक पिंप मद्य द्यावे, एक तागा कापड घ्यावे, दोघांचाही फायदा. त्यांनी चुना मळता मळता सारे ऐकून घेतले आणि म्हणाले, “ते खरं असंल रं बाळा. पर एका पिंपाला एक तागा, ह्यो दर ठरिवला कुणी?”

आम्ही निरुत्तर झालो. म्हणालो, “काका, तो धरून चाललाय.”

“मग आमचा बी तसाच धरून चाललाय,” ते म्हणाले, “फकस्त धरणारा दुसरा हाय.”

सुट्टी संपल्यावर आम्ही पुस्तके चाळली. काकांचा प्रश्न नवा नव्हता. रिकार्डोचेच आकडे पुन्हा घ्या. इंग्लंडात एक माप मद्य सोडले की एक पूर्णांक दोन दशांश माप कापड होते. पोर्तुगालात एक माप मद्य सोडले की सुमारे नऊ दशांश माप. या दोहोंच्या मधला कोणताही दर दोघांनाही परवडतो. दर नऊ दशांशाच्या जवळ असेल तर जवळजवळ सारा लाभ इंग्लंडाचा, एक पूर्णांक दोन दशांशाच्या जवळ असेल तर सारा पोर्तुगालचा. रिकार्डोने एकास एक धरले आणि तो पुढे गेला. ही उणीव जॉन स्टुअर्ट मिल याने ओळखली आणि १८४४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात भरून काढण्याचा यत्न केला. मिल हा ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन कचेरीत पस्तीस वर्षे चाकरीस होता, म्हणजे एका अर्थी आमचा जातभाईच. त्याचे म्हणणे असे, की ज्याला दुसऱ्याच्या वस्तूची निकड अधिक, त्याच्या विरुद्ध दर झुकतो.

निकड! दर कोणाच्या बाजूस झुकणार, हे या एका शब्दाने ठरते. आमच्या मते मिलने हे देशांविषयी लिहिले असले तरी ते वखारीच्या दारात उभ्या असलेल्या बैलगाडीस अधिक लागू पडते. तंबाखू पिकविणे हाच त्या जमिनीचा तुलनात्मक लाभ, यात शंका नाही. त्याच एकरात कोरडवाहू ज्वारी वा भुईमूग घेतला तर हाती कमी येई, म्हणून तर शेतकरी तंबाखू लावी. म्हणजे व्यापाराने त्याचे नुकसान केले असे म्हणता येणार नाही, ज्वारीपेक्षा त्याला थोडे अधिकच मिळे. परंतु ते ‘थोडे’ ज्वारीच्या रेषेला चिकटून राही आणि उरलेला सारा लाभ ज्याच्याजवळ वखार होती आणि सवड होती त्याच्याकडे जाई. काका महामार्गावर जाऊन बसले ते व्यापाराविरुद्ध नव्हे. मधल्या त्या पट्ट्यात दर कोठे पडावा, याविषयी ते बसले होते. अर्थशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत त्या वर्षी रिकार्डोवर प्रश्न होता आणि आम्ही त्यात एकास एक हाच दर लिहून चांगले गुण मिळविले.

पुढचे थोडक्यात. निपाणीच्या परिसरात वेदगंगा-दूधगंगेचे पाणी जसजसे शिवारांत फिरले तसतशी तंबाखू मागे सरली आणि ऊस, सोयाबीन पुढे आले. पाण्याने ती रेषाच सरकविली. पूर्वी तंबाखू सोडली तर ज्वारी हाती येई, आता ऊस येऊ लागला. ज्याला दुसरे काही करता येते त्याची निकड कमी होते. आंदोलनाने जे साधले नाही ते काही अंशी कालव्याने साधले, असे आमचे मत आहे. वाचकांपैकी जुने कार्यकर्ते आमच्याशी सहमत होणार नाहीत.

गोव्याचे म्हणाल तर १९६१ नंतर घाट पुन्हा वाहता झाला, तो आजवर वाहतो आहे. रात्री बेळगावच्या बाजारातून भाजीच्या गाड्या निघतात आणि पहाटे म्हापसा-मडगावला पोहोचतात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीने हद्दी बंद झाल्या तेव्हा गोव्यात भाजी-दुधाची ओरड झाली आणि आमच्याकडे मळ्यात कोबी कुजला. खासबागेच्या आठवडी बाजारातील एका म्हाताऱ्या भाजीवाल्याने आम्हांस तेव्हा १९५५ ची आठवण करून दिली. तो त्या वेळी दहा वर्षांचा होता, म्हणे.

मित्र आता गावीच असतो. मध्यंतरी त्याच्याकडे गेलो होतो. ज्या अंगणात तंबाखूने डोळे चुरचुरले होते, तेथे ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती. काका जाऊन बरीच वर्षे झाली. उसाचे बरे चालले आहे ना, असे विचारले तेव्हा तो हसला. उसाचा किमान दर केंद्र सरकार जाहीर करते, तो सर्वांना आधी कळतो, व्यापाऱ्याच्या डोळ्यावर अवलंबून राहावे लागत नाही. “दर ठरलेला असतो,” तो म्हणाला, “बिल कधी येणार ते तेवढं विचारू नकोस.” मग त्याने बायकोला हाक मारून चहा टाकायला सांगितला.